उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र आणि मतदाराची स्मरणशक्ती: एका ऑनलाइन नोंदवहीचे प्रकरण

लोकसभा किंवा विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला ‘नमुना २६’ या नावाने ओळखले जाणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. स्वतःवरील प्रलंबित फौजदारी खटले, झालेली शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची जंगम आणि स्थावर मालमत्ता, बँकांची व सरकारी देणी, गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न, उत्पन्नाचे स्रोत आणि शिक्षण हा सगळा तपशील त्यात शपथेवर लिहून द्यावा लागतो. ही माहिती आज कोणत्याही मतदाराला मोबाइलवर वाचता येते आणि त्याच उमेदवाराने मागच्या निवडणुकीत काय लिहिले होते, तेही शेजारी ठेवून पाहता येते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यातला एकही तपशील मतदाराला देण्याचे बंधन उमेदवारावर नव्हते.

‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ म्हणजेच एडीआर ही संस्था, उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांची नोंद ठेवणारे तिचे ‘मायनेता’ हे संकेतस्थळ आणि त्यामागची न्यायालयीन लढाई यांचा हा अभ्यास आहे. लोकप्रतिनिधींना जाब विचारण्यासाठी इंटरनेटचा उपयोग करण्याचे प्रयत्न आपल्याकडे पुष्कळ झाले, मात्र बहुतेक एखाद्या आंदोलनाच्या लाटेबरोबर वर आले आणि लाटेबरोबरच ओसरले. ही नोंदवही टिकली. ती का टिकली, तिने काय साधले आणि काय तिच्या आवाक्याबाहेर राहिले, हे नीट पाहण्यासारखे आहे. माझ्या मते तिचे बळ लोकांना संतप्त करण्यात नाही. तेच प्रश्न त्याच माणसांना दर निवडणुकीत विचारत राहण्यात आणि आलेली उत्तरे एका जागी जपून ठेवण्यात ते आहे.

हक्क मिळाला तो असा

राजकारण आणि गुन्हेगारी यांच्या साट्यालोट्याबद्दल १९९३ मध्ये व्होरा समितीने लिहिले होते. विधी आयोगाने मे १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात उमेदवारांनी खटल्यांची व मालमत्तेची माहिती द्यावी, अशी शिफारस केली होती. दोन्ही अहवालांवर पुढे काही घडत नव्हते. त्याच वर्षी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी एडीआरची स्थापना केली आणि डिसेंबर १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मागणी अगदी साधी होती: ज्याला मत द्यायचे त्याची किमान माहिती मतदाराला मिळावी.

उच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००० रोजी ती मान्य केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, पण २ मे २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे ठरवले. मत देणे ही अभिव्यक्ती असेल, तर ती अंधारात राहून करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. निवडणूक आयोगाने जून २००२ मध्ये त्यानुसार आदेश काढला.

त्यानंतर जे झाले ते या प्रकरणातले सर्वांत बोलके वळण आहे. एरवी कशावरही एकमत न होणारे पक्ष या आदेशाच्या विरोधात एकत्र आले. सरकारने अध्यादेश तयार केला. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तो एकदा परत पाठवला. पुन्हा त्यांच्याकडे आल्यावर २४ ऑगस्ट २००२ रोजी त्यावर स्वाक्षरी झाली. पुढे डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेल्या कलम ३३-ब मध्ये असे म्हटले होते की, न्यायालयाने किंवा आयोगाने काहीही सांगितले असले, तरी या कायद्यात मागितलेल्या माहितीपलीकडे काहीही देण्यास उमेदवार बांधील नाही. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’सह एडीआर व इतर याचिकादार पुन्हा न्यायालयात गेले आणि १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

माहिती खुली करण्याला सर्वपक्षीय विरोध होतो, हे नागरिकांच्या प्रत्येक गटाने गृहीतच धरावे. त्याच सुमारास महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या राज्य कायद्यासाठी अण्णा हजारे यांची उपोषणे चालू होती. देशपातळीवरचा माहिती अधिकार कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. या दोन्ही लढ्यांतून एकच गोष्ट दिसते. संकेतस्थळ उभारण्याआधी माहिती देण्याची कायदेशीर सक्ती मिळवावी लागते, कारण जी माहिती कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे तिच्यावर उभारलेले कोणतेही साधन पहिल्याच नकाराला कोलमडते.

कागदापासून रकान्यापर्यंत

हक्क मिळाला म्हणजे माहिती मिळाली, असे मुळीच नव्हते. प्रतिज्ञापत्र म्हणजे मुद्रांकित कागदावर टंकलेले किंवा हाताने लिहिलेले, नोटरीच्या शिक्क्यांनी भरलेले, राज्याच्या भाषेतले दस्तऐवज. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर त्याची प्रत फलकावर लागत असे. अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यावर मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्या वेळात शेकडो मतदारसंघांतील हजारो प्रती गोळा करायच्या, वाचायच्या आणि एका साच्यात भरायच्या, हे काम एका कार्यालयाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून राज्याराज्यांत ‘इलेक्शन वॉच’ या नावाने स्थानिक संस्था, निवृत्त अधिकारी, विद्यार्थी आणि पत्रकार यांचे गट जोडले गेले. २००२ च्या डिसेंबरमधील गुजरात विधानसभा निवडणूक हा पहिला मोठा प्रयोग होता, आणि २००४ ची लोकसभा ही देशभर अशी माहिती उपलब्ध असलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक.

पुढे आयोग प्रतिज्ञापत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकू लागला. पण स्कॅन म्हणजे चित्र. त्यात शोध घेता येत नाही, बेरीज करता येत नाही, तुलना करता येत नाही. ‘एकूण जंगम मालमत्ता’ हा आकडा कोठे अंकात, कोठे अक्षरात, कोठे लाखांत, कोठे कोटींत असतो. पतीच्या आणि पत्नीच्या रकान्यांची बेरीज उमेदवारानेच चुकीची केलेली असते. शेतजमीन एका ठिकाणी हेक्टर-आरमध्ये, दुसऱ्या ठिकाणी एकर-गुंठ्यांत असते. हे सगळे माणसानेच वाचून रकान्यात बसवावे लागते आणि बसवताना मूळ प्रतीचा दुवा कायम ठेवावा लागतो, म्हणजे कोणी आक्षेप घेतला तर मूळ कागद दाखवता येतो. मायनेताने ही शिस्त पाळली. प्रत्येक उमेदवाराच्या पानावर गोषवाऱ्याबरोबर प्रतिज्ञापत्राची मूळ प्रतही उघडता येते. या साधनाची विश्वासार्हता कोठून आली असे विचारले, तर माझे उत्तर या एका सवयीकडे बोट दाखवून देता येईल.

नावांचा प्रश्न तर महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला आणि त्याच निवडणुकीत तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली. मतदाराचा जेथे गोंधळ होतो, तेथे संगणकाचाही होतो. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळवल्याशिवाय दोन निवडणुकांतील एक माणूस तोच आहे, असे म्हणता येत नाही. नाव इंग्रजीत आणि मराठीत वेगवेगळ्या पद्धतीने लिहिले गेले की ही जुळवाजुळव आणखी किचकट होते. पुन्हा उभे राहिलेल्या उमेदवारांच्या मालमत्तेची तुलना करणारे तक्ते वर्तमानपत्रांत एका दिवसात वाचून होतात, पण त्यांच्यामागे हे कष्ट असतात.

माहितीचा साचाही हळूहळू घट्ट होत गेला, आणि प्रत्येक वेळी तो नोंदवहीत सापडलेल्या एखाद्या पळवाटेमुळे झाला. उमेदवार रकाने कोरे सोडत. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोरे रकाने ठेवणे म्हणजे मतदाराचा हक्क डावलणे आहे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आठवण देऊनही ते भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येईल. मालमत्ता सांगितली जाई, पण ती कोठून आली ते कळत नसे. ‘लोकप्रहरी’ या संस्थेच्या याचिकेवर १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत सांगणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०१९ पासून नमुन्यात एका वर्षाऐवजी पाच वर्षांचे उत्पन्न आणि परदेशातील मालमत्ता आली. नोंद करणाऱ्यांना कोणता रकाना निरुपयोगी आहे हे कळत गेले आणि पुढची याचिका त्याच रकान्याबद्दल झाली. साधन आणि कायदा यांचे हे परस्परांना पुढे नेणे इतर बहुतेक नागरी उपक्रमांत मला आढळत नाही.

आकडे आणि त्यांचा अर्थ

एडीआरच्या विश्लेषणानुसार २००४ मध्ये निवडून आलेल्या खासदारांपैकी २४ टक्क्यांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे जाहीर केले होते. २००९ मध्ये ही संख्या १६२ म्हणजे ३० टक्के, २०१४ मध्ये १८५ म्हणजे ३४ टक्के, २०१९ मध्ये २३३ म्हणजे ४३ टक्के आणि २०२४ मध्ये २५१ म्हणजे ४६ टक्के झाली. कोट्यधीश खासदार २००९ मध्ये ३१५ होते, २०२४ मध्ये ५०४ झाले. महाराष्ट्र विधानसभेत २०१९ साली खटले जाहीर केलेले आमदार १७६ होते. २०२४ साली विश्लेषण झालेल्या २८६ आमदारांपैकी १८७ म्हणजे ६५ टक्के होते.

माहिती खुली झाल्यावर कलंकित उमेदवार कमी होतील, ही मूळ अपेक्षा होती. वीस वर्षांत आलेख उलट दिशेने गेला. जो या साधनाचा कैवार घेतो त्याने हा आकडा आधी मांडला पाहिजे, म्हणून तो येथे विस्ताराने दिला आहे. २०२४ च्या लोकसभेत खटले जाहीर केलेल्या उमेदवाराची निवडून येण्याची शक्यता १५.३ टक्के होती, तर एकही खटला नसलेल्याची ४.४ टक्के. अर्थात ही तुलनाही जपून वाचावी लागते. खटले नसलेल्यांत अनामत गमावणाऱ्या असंख्य अपक्षांचा भरणा असतो, आणि मोठे पक्ष ज्यांना उमेदवारी देतात त्यांच्यातच खटल्यांचे प्रमाण अधिक असते. मतदाराने माहिती असूनही वाईट माणूस निवडला, असा सरळ निष्कर्ष त्यातून निघत नाही. अनेक मतदारसंघांत त्याच्यासमोर निवडीला वाव असा फारसा उरलेलाच नसतो. तीन किंवा अधिक उमेदवारांवर खटले असतील, त्या मतदारसंघाला एडीआर ‘रेड अलर्ट’ म्हणते, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे मोर्चा, रास्ता रोको, घेराव हे राजकारणाचे नेहमीचे मार्ग आहेत, आणि अशा आंदोलनानंतर बेकायदा जमाव जमवणे किंवा जमावबंदी मोडणे या कलमांखाली गुन्हे नोंदले जातात. पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा नेणारा कार्यकर्ता आणि खंडणीचा आरोपी एकाच ‘खटले असलेले’ या रकान्यात मोजले गेले, तर आंदोलन करणाऱ्यावर अन्याय होतो आणि खंडणीखोराला गर्दीत लपता येते. एडीआर म्हणूनच पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेचे, अजामीनपात्र, निवडणूकविषयक, सरकारी तिजोरीला तोटा पोहोचवणारे, खून, अपहरण, अत्याचार किंवा महिलांविरुद्धचे गुन्हे ‘गंभीर’ म्हणून वेगळे काढते. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेतील १८७ पैकी ११८ आमदारांवर अशा गंभीर स्वरूपाचे खटले होते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र बहुधा मोठा आकडाच येतो. जो नागरिक मूळ प्रतिज्ञापत्र उघडून कलमे वाचतो, न्यायालयाने दोषारोप निश्चित केले आहेत की प्रकरण अजून तपासावरच आहे हे पाहतो, त्यालाच या नोंदीचा खरा उपयोग होतो.

मालमत्तेच्या आकड्यांचेही तसेच. २०२४ च्या खासदारांची सरासरी मालमत्ता ४६.३४ कोटी रुपये निघाली. पण गुंटूरचे खासदार पेम्मासानी चंद्रशेखर यांनी ५,७०५ कोटी आणि चेवेल्लाचे कोंडा विश्वेश्वर रेड्डी यांनी ४,५६८ कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली आहे; ५४३ जणांच्या सरासरीतले जवळजवळ १९ कोटी केवळ या दोघांमुळे आले. आमदाराची मालमत्ता पाच वर्षांत तिप्पट झाली, असे वाचले की मनात लगेच संशय येतो. तो येण्याआधी वाढ कशात झाली ते पाहायला हवे. नमुना २६ मध्ये स्थावर मालमत्ता वारसाने आली की स्वतः घेतली, केव्हा घेतली, किती रुपयांना घेतली आणि आजची अंदाजे किंमत किती, असे वेगवेगळे रकाने आहेत. शहर वाढून वडिलोपार्जित जमिनीचा दर चढला, तर ती वाढ आणि आमदारकीच्या काळात नवे गट नंबर खरेदी होणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात विचारण्यासारखा प्रश्न असतो: जाहीर केलेल्या उत्पन्नातून ही खरेदी कशी झाली? पाच वर्षांच्या प्राप्तिकराचा रकाना त्याच पानांवर आहे. हा ताळा मांडायला हिशेब तपासनीस असण्याची गरज नाही.

खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. प्रत्यक्षात अशी तक्रार बहुधा नागरिकालाच न्यायालयात न्यावी लागते आणि ती पुरी होईपर्यंत पुढची निवडणूक येते. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील आमदार कारिखो क्री यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवाराने घरातील प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही. ती वस्तू मोलाची असेल किंवा त्याच्या राहणीमानावर प्रकाश टाकणारी असेल तरच ती लपवणे गंभीर ठरते. त्या प्रकरणात वाद तीन जुन्या वाहनांचा होता, त्यामुळे निकाल समजण्यासारखा आहे. मात्र उमेदवारालाही काही प्रमाणात खासगीपणाचा हक्क आहे, हे त्यातले विधान पुढे किती ताणले जाते यावर लक्ष ठेवावे लागेल.

प्रश्न पक्षांकडे वळला

एकट्या मतदारावर सगळा भार टाकणे पुरेसे नाही, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून स्पष्ट झाले. न्यायालयासमोर तेच आकडे आले आणि १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने प्रश्न उमेदवारी देणाऱ्या पक्षाला विचारला गेला. खटले असलेल्या व्यक्तीला तिकीट का दिले, खटले नसलेला दुसरा कोणी का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने आपल्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत द्यावीत. केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही, असे त्यात म्हटले. बिहारच्या २०२० च्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला गेला नाही, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने आठ पक्षांना अवमानाबद्दल दंड केला. बहुतेकांना एक लाख रुपये, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना प्रत्येकी पाच लाख.

दंडाची रक्कम या पक्षांच्या दृष्टीने नगण्य आहे. कारणेही पुढे ठरावीक साच्याची येऊ लागली: उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, खटले राजकीय सूडातून आहेत. तरीही या आदेशाचे मोल मी कमी मानत नाही, कारण आता उत्तर कोणी द्यायचे हे ठरले आहे. तालुक्यातल्या एखाद्या गटाने पक्षाच्या संकेतस्थळावरचे ते कारण छापून पक्षाच्या जिल्हाध्यक्षासमोर ठेवले, तर त्याला ‘हे वरून ठरले’ म्हणण्यापलीकडे काही बोलावे लागते.

७६३ पाने आणि एक क्रमांक

उमेदवाराच्या मालमत्तेनंतर पक्षाच्या तिजोरीचा प्रश्न येणे स्वाभाविक होते. पक्षांना देणगी देण्यासाठी भारतीय स्टेट बँकेकडून विकत घ्यायच्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत देणगीदाराचे नाव जनतेपासून लपलेले राही. एडीआर व इतरांनी २०१७ पासून तिच्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने योजना रद्द केली आणि एप्रिल २०१९ पासूनची माहिती जाहीर करण्यास सांगितले. भारतीय स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. ती नाकारली गेली. १४ मार्च रोजी आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. पहिली ३३७ पानांची, रोखे कोणी घेतले याची. दुसरी ४२६ पानांची, कोणत्या पक्षाने वटवले याची. या दोन याद्यांना जोडणारा दुवाच नव्हता. न्यायालयाने पुन्हा आदेश दिल्यावर २१ मार्च रोजी प्रत्येक रोख्याचा क्रमांक जाहीर झाला आणि मग देणगीदार व पक्ष यांची सांगड घालता आली.

त्या दिवसांत जे घडले ते पाहताना गेल्या वीस वर्षांच्या सरावाचा परिणाम स्पष्ट दिसत होता. पत्रकार, संगणकतज्ज्ञ आणि स्वयंसेवक यांनी काही तासांतच या पीडीएफ याद्या तक्त्यांत बदलल्या, जुळवल्या आणि सर्वांसाठी खुल्या केल्या. फ्युचर गेमिंग या कंपनीने १,३६८ कोटींचे आणि मेघा इंजिनिअरिंगने ९६६ कोटींचे रोखे घेतले होते. भारतीय जनता पक्षाने ६,०६० कोटींहून अधिक, तृणमूल काँग्रेसने १,६०९ कोटींचे आणि काँग्रेसने १,४२१ कोटींचे रोखे वटवले होते. देणगी आणि सरकारी कंत्राट, देणगी आणि तपास यंत्रणेची धाड यांच्या तारखा लोक एकमेकांशेजारी मांडू लागले. तारखा जवळ असणे म्हणजे लाच सिद्ध होणे नव्हे, हे खरेच. मात्र विचारायचा प्रश्न कोणता हे त्यातून ठरले, आणि तो प्रश्न विचारायला नागरिकाला कोणाची परवानगी लागली नाही.

मधली पाच वर्षे

या नोंदवहीची सर्वांत मोठी उणीव तिच्या वेळापत्रकात आहे. ती निवडणुकीच्या तीन आठवड्यांत गजबजते आणि निकालानंतर शांत होते, कारण कायदाच उमेदवाराकडे माहिती मागतो, लोकप्रतिनिधीकडे मागत नाही. खासदारांनी शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत आपली मालमत्ता सभागृहाच्या अध्यक्षांना किंवा सभापतींना कळवावी, असा नियम आहे; पण ती माहिती प्रतिज्ञापत्रासारखी आपोआप जनतेसमोर येत नाही आणि दरवर्षीची तुलना नागरिकाला करता येत नाही. लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेतील वाढीवर देखरेख करणारी कायमस्वरूपी यंत्रणा असावी, असे २०१८ च्या लोकप्रहरी निकालात म्हटले होते. ती यंत्रणा आली असती, तर पाच वर्षांनी कळणारी गोष्ट एका वर्षात कळली असती.

स्थानिक पातळीवर अडचण अधिक तीव्र आहे. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्याच्या निर्णयांचा रोजच्या जगण्याशी आमदारापेक्षा जवळचा संबंध असतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकांतही प्रतिज्ञापत्र मागितले आहे, आणि २०१७ मध्ये त्याचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावण्याचा स्तुत्य निर्णय घेतला होता. ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही किंवा ज्याला संकेतस्थळ शोधणे जमत नाही, त्या मतदारापर्यंत ऑनलाइन नोंद पोहोचवण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला सुचत नाही. पण मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जेथे निवडणूकच होत नाही तेथे प्रतिज्ञापत्र भरले जात नाही आणि जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नसतो. अशा काळात नागरिकांच्या गटांनी निविदा, अंदाजपत्रक आणि प्रशासकाचे ठराव यांची नोंद ठेवली पाहिजे. एडीआरच्या अनुभवातून घेण्याजोगी पद्धत येथेही लागू पडते: मूळ कागद जपणे, तोच साचा दरवर्षी वापरणे आणि प्रत्येक आकड्याला त्याच्या कागदाचा दुवा देणे.

आमदाराच्या बाबतीत मधल्या वर्षांत करता येण्यासारखे काम आजही आहे आणि त्याला फार साधने लागत नाहीत. २०१९ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून नव्या खरेदीची यादी करता येते. प्रलंबित म्हणून सांगितलेल्या खटल्यांचे क्रमांक प्रतिज्ञापत्रात दिलेले असतात; ते घेऊन ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख आणि खटल्याची स्थिती पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व तत्काळ जाते, त्यामुळे खटला वर्षानुवर्षे का रेंगाळतो आहे हा प्रश्न केवळ न्यायालयाचा राहत नाही. आमदार निधीतून झालेल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळते. हे कागद एका गावातल्या चार जणांनी वर्षातून एकदा अद्ययावत केले आणि सर्वांना दिसतील असे ठेवले, तर ग्रामसभेत किंवा आमदारांच्या जनता दरबारात विचारायला प्रश्न तयार असतात.

आणि एक सुधारणा अशी आहे, जिला नवा कायदा लागणार नाही. करोनाच्या काळापासून उमेदवाराला आयोगाच्या पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरण्याची सोय आहे. तेथे भरलेली माहिती तो छापतो, नोटरीकडून साक्षांकित करून अधिकाऱ्याकडे देतो, ती प्रत स्कॅन होऊन संकेतस्थळावर चढते आणि मग स्वयंसेवक ती वाचून पुन्हा टंकित करतात. संगणकात आधीच असलेला मजकूर स्कॅनबरोबर शोधता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करण्याचा आदेश आयोगाने काढला, तर मतदानापूर्वीचे ते दोन आठवडे टंकलेखनाऐवजी कलमे वाचण्यासाठी आणि उमेदवाराला प्रश्न विचारण्यासाठी मोकळे होतील. ऑनलाइन भरणे ऐच्छिक असल्याने हाताने लिहिलेली प्रतिज्ञापत्रे तरीही उरतील, पण ती निम्मी उरली तरी स्वयंसेवकांचे निम्मे काम वाचेल.